पश्चिम घाटातील वनखंडांमधील गोचिडांचा अधिवास

पश्चिम घाटाच्या दमट जंगलांचे शेती, बागायती, रस्ते आणि वस्ती यांमुळे झालेले तुकडे म्हणजे वनखंड. या वनखंडांत आढळणारे गोचीड सर्वत्र सारख्या प्रमाणात विखुरलेले नसतात. जमिनीलगतचा ओलावा, पालापाचोळ्याचा थर, सावली आणि रक्त पुरवणाऱ्या प्राण्यांची ये-जा या गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे त्यांची दाटी होते. त्यापासून काही पावलांवर ते क्वचितच सापडतात. कर्नाटकातील मलनाड, गोव्यातील सत्तरी आणि महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्याचा दक्षिण भाग येथे हा विषय केवळ प्राणिशास्त्राचा राहिलेला नाही. क्यासनूर वनज्वर किंवा माकडताप या विषाणुजन्य रोगाचा प्रसार या भागातील गोचिडांमार्फत होतो. त्यामुळे गोचीड कोठे व केव्हा साचतात, या प्रश्नाच्या उत्तरावर जंगलात जाणाऱ्या माणसांचे आरोग्य अवलंबून असते.

गोचिडाची शरीररचना व ओलाव्याची गरज

गोचीड हा कीटक नसून कोळी व विंचू यांच्या अष्टपाद वर्गातील परजीवी आहे. त्याला पंख नसतात आणि उडीही मारता येत नाही. झाडावरून गोचीड अंगावर पडतात ही समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात बहुतेक जाती जमिनीवरून किंवा गुडघ्या-मांडीएवढ्या उंचीच्या झुडपावरून अंगावर चढतात. पुढच्या पायांच्या जोडीवर असलेल्या हॅलर इंद्रियाच्या साहाय्याने त्यांना प्राण्याच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड, उष्णता आणि गंध कळतो. पानाच्या टोकावर जाऊन पुढचे पाय पसरून वाट पाहणे, ही त्यांची शिकारीची रीत आहे.

या वाट पाहण्यात गोचिडाच्या शरीरातील पाणी सतत कमी होत जाते. अन्न म्हणून त्याला रक्ताखेरीज दुसरे काही चालत नाही आणि दोन जेवणांत कित्येक महिन्यांचे अंतर पडू शकते. हा काळ तो तरून जातो तो हवेतील बाष्प शोषून घेण्याच्या क्षमतेमुळे. तोंडाजवळ स्रवणारी क्षारयुक्त लाळ बाष्प ओढून घेते व ती लाळ पुन्हा गिळली जाते. मात्र हवेची सापेक्ष आर्द्रता बरीच जास्त असेल, अनेक जातींच्या बाबतीत साधारण ८० टक्क्यांच्या वर, तरच हे शक्य होते. उन्हात कोरडा पडलेला गोचीड म्हणूनच खाली उतरून पालापाचोळ्यात शिरतो, पाणी भरून घेतो आणि पुन्हा वर चढतो. पाचोळ्याचा थर हे त्याचे खरे घर. गवताच्या पात्यावर तो दिसतो तो केवळ कामापुरता. डोंगरउतारावरच्या उघड्या गवताळ जागेत गोचीड विरळ आणि शेजारच्या सावलीत दाट का असतात, याचे पहिले उत्तर या साध्या जलव्यवहारात आहे.

हिमाफायसॅलिस स्पायनिजेरा आणि तिचे वर्षचक्र

पश्चिम घाटातील जंगलांत हिमाफायसॅलिस या प्रजातीच्या अनेक जाती एकत्र नांदतात. त्यांत हिमाफायसॅलिस स्पायनिजेरा ही माकडतापाची मुख्य वाहक मानली जाते. हिमाफायसॅलिस टर्टुरिस व इतर काही जातींमध्येही विषाणू सापडला आहे. स्पायनिजेरा ही तीन यजमानांवर जगणारी जात आहे. अंड्यातून निघालेली सहा पायांची अळी एका प्राण्यावर रक्त पिऊन जमिनीवर पडते व कात टाकून आठ पायांचे अर्भक बनते. अर्भक दुसऱ्या प्राण्यावर पोसून प्रौढ होते. प्रौढ मादी तिसऱ्या प्राण्यावर फुगेपर्यंत रक्त पिते, खाली पडते, हजारांच्या घरात अंडी घालते आणि मरते.

हे चक्र मोसमी पावसाशी बांधलेले आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की प्रौढ गोचीड हालचाल करू लागतात आणि गुरे, सांबर, गवा यांसारख्या मोठ्या सस्तन प्राण्यांवर चढतात. पावसाळ्यात घातलेल्या अंड्यांतून पावसाच्या अखेरीस अळ्या बाहेर पडतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात त्यांची संख्या सर्वाधिक असते. उंदीर, चिचुंद्री, रानकोंबड्यासारखे जमिनीवर चरणारे पक्षी आणि माकडे हे त्यांचे यजमान. डिसेंबरनंतर अर्भके वाढतात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत जंगलात त्यांचेच राज्य असते. माणसाला चावतात ती मुख्यतः ही अर्भके. आकाराने ती तिळाएवढी किंवा त्याहूनही लहान असल्यामुळे अंगावर चढलेली चटकन लक्षात येत नाहीत. माकडतापाचे रुग्ण डिसेंबर ते मे या महिन्यांत आढळतात, त्याचे कारण हेच.

मादी आपल्या अंड्यांची जागा निवडत नाही, ती जागा तिचा यजमान ठरवतो. रक्त पिऊन फुगलेली मादी जेथे गळून पडेल तेथेच आसपास ओल्या पाचोळ्यात तिची अंडी असतात आणि काही आठवड्यांनी तेथेच हजारो अळ्यांचा पुंजका पानांच्या टोकाला लोंबताना दिसतो. अळ्या स्वतः फार दूर जात नाहीत. साहजिकच पावसाळ्यात गुरे कोणत्या वाटेने चरायला गेली, दुपारी कोणत्या झाडाखाली बसली, पाण्यावर कोठे उतरली, याचा नकाशा पुढच्या हिवाळ्यात अळ्यांच्या पुंजक्यांच्या रूपाने जंगलात उमटलेला असतो.

क्यासनूर जंगल व कान

मार्च १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, क्यासनूर जंगल परिसरात, माकडे मोठ्या संख्येने मरू लागली व लगतच्या गावांतील लोक तीव्र तापाने आजारी पडले. माकडे आणि माणसे एकाच वेळी मरत असल्यामुळे प्रारंभी पीतज्वराची शंका घेण्यात आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) केलेल्या तपासात हा वेगळाच विषाणू असल्याचे आणि तो रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंच्या कुळातील असल्याचे निष्पन्न झाले. माणसे, माकडे आणि गोचीड अशा तिन्हींतून तो वेगळा करण्यात आला. केंद्राचे तत्कालीन संचालक टेलफर्ड वर्क, गोचिडांचा अभ्यास करणारे हॅरल्ड ट्रॅपिडो, पी. के. राजगोपालन आदींच्या कामामुळे सागर-सोरब परिसर हा उष्ण कटिबंधातील गोचिडांच्या सर्वांत बारकाईने अभ्यासलेल्या प्रदेशांपैकी एक ठरला.

या परिसराची घडण समजून घेतल्याशिवाय तेथील गोचिडांचे वितरण समजत नाही. सोरबच्या बाजूला घाटाची दाट ओल विरत जाते आणि कोरड्या पानझडी रानाला सुरुवात होते. या मधल्या पट्ट्यात सदाहरित वृक्षांचे वेगवेगळे पुंजके टिकून होते. त्यांना कन्नडमध्ये ‘कान’ म्हणतात. कोकणातील देवराईप्रमाणे यांपैकी अनेकांना दैवताचे संरक्षण होते. त्यांतून मिरी व इतर वनोपज घेतली जाई. १८६८ साली ब्रँडिस व ग्रांट यांनी सोरब तालुक्यातील कानांवर स्वतंत्र अहवाल लिहिला होता. म्हणजेच येथील वनखंड विसाव्या शतकात एकाएकी तयार झालेले नाहीत. बदलले ते त्यांच्या कडेचे स्वरूप. कानांची काठे तुटली, मोकळ्या झालेल्या जागी घाणेरी (टणटणी) माजली, भातखाचरे आणि सुपारीच्या बागा जंगलाला येऊन भिडल्या आणि वाढत्या वस्तीची गुरे रोज जंगलात जाऊ लागली.

या बदलाचा गोचिडांशी असलेला संबंध हॉर्हे बोशेल या कोलंबियन शास्त्रज्ञाने १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडला. बोशेल यांनी पूर्वी कोलंबियात जंगली पीतज्वराचा अभ्यास केला होता आणि लाकूडतोड्यांनी झाड पाडताच शेंड्याजवळ राहणारे डास त्यांच्याभोवती कसे जमतात हे पाहिले होते. मलनाडमध्येही माणसाने जंगलाची रचना विसकटल्यानेच जुना, दबलेला विषाणू उफाळून आला, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या मते सलग जंगलात विखुरलेल्या मोठ्या प्राण्यांवर गोचिडांची संख्या मर्यादित राहत होती. गुरांच्या रूपाने प्रौढ गोचिडांना जंगलाच्या कडेलाच विपुल रक्त मिळू लागले. कडेच्या झुडपांत उंदीर, चिचुंद्र्या व पक्षी वाढल्याने अळ्या-अर्भकांचीही सोय झाली. गुरांच्या शरीरात हा विषाणू पुढे पसरण्याइतका वाढत नाही. रोगाच्या साखळीत गाय दोषी नाही, पण गोचिडांची पैदास मात्र तिच्यावर होते. हा फरक अनेकदा नजरेआड होतो.

गोचिडांच्या दाटीची ठिकाणे

वनखंडाच्या आत जाताना पहिली दाटी काठावर लागते. येथे ऊन-सावलीची सरमिसळ असते, खाली झुडपे दाट असतात आणि जंगलातले व गावातले असे दोन्हीकडचे प्राणी येतात. अगदी उघड्या काठावर पाचोळा वाळून जातो. म्हणून नेमकी दाटी बहुधा काठाच्या किंचित आत, सावली धरलेल्या पट्ट्यात असते. दुसरी जागा पायवाटांची. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या पानांवर गोचीड जमतात, कारण जनावरे आणि माणसे दोघेही त्याच वाटेने जातात. ओढ्याकाठी, विशेषतः उन्हाळ्यात, बाकीचे रान कोरडे पडल्यावर ओलावा टिकून राहतो. प्राणीही तेथेच येतात.

सर्वांत धोकादायक जागा मात्र माकड मेलेल्या ठिकाणी तयार होते. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडे या दोन्ही जाती या विषाणूला सहज बळी पडतात. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. त्याच्या अंगावरच्या अळ्या व अर्भके ते रक्त पिऊन जमिनीवर पडतात आणि कात टाकल्यानंतरही विषाणू त्यांच्या शरीरात राहतो. आजारी प्राणी फार हिंडू शकत नसल्याने हे सारे गोचीड थोड्याशा जागेत साचतात. वरवर पाहता ती जागा जंगलाच्या इतर कोणत्याही जागेसारखीच दिसते. प्रेत कोल्हे-रानडुकरे नाहीसे करतात, पण गोचीड उरतात. मृत माकड दिसल्यावर त्याला हात न लावता वन किंवा आरोग्य खात्याला कळवावे आणि सभोवतालच्या जमिनीवर गोचीडनाशक टाकावे, ही पद्धत याच कारणाने रूढ झाली. भीतीपोटी माकडांना हुसकावणे किंवा मारणे यात कोणाचाच लाभ नाही. माकड हे या रोगाचे माणसाइतकेच भक्ष्य आहे आणि त्याच्या मृत्यूमुळेच गावाला धोक्याची पहिली सूचना मिळते.

काही गोचीड मात्र या जमिनीवरच्या चित्रात येतच नाहीत. इक्सोडिस पेटॉरिस्टी ही जात उडणाऱ्या खारीवर जगते आणि तिचा वावर झाडांच्या ढोल्यांत असतो. उंदरांच्या बिळांत, वटवाघळांच्या गुहांत राहणाऱ्या जाती वेगळ्याच. गोचीड मोजण्याची नेहमीची रीत म्हणजे पांढरे फडके झुडपांवरून व पाचोळ्यावरून ओढत नेणे आणि त्याला चिकटलेले गोचीड मोजणे. या रीतीने हाती लागतात ते फक्त त्या वेळी यजमानाची वाट पाहणारे गोचीड. पाचोळ्यात पाणी भरून घेत बसलेले, बिळात असलेले किंवा आधीच प्राण्यावर चढलेले गोचीड मोजले जात नाहीत. फडक्यावर गोचीड आले नाहीत म्हणून जागा सुरक्षित आहे, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

पाचोळा, सुपारी आणि घर

मलनाडात वनखंडातील पाला जंगलातच राहत नाही. उत्तर कन्नड व शिमोगा भागात सुपारीच्या बागांना लागून ‘सोप्पिन बेट्ट’ नावाची राने असतात. या रानांतील हिरवा पाला व पाचोळा बागेत खत म्हणून आणि गोठ्यात गुरांच्या बैठकीखाली अंथरण्यासाठी आणला जातो. हे काम प्रामुख्याने कोरड्या ऋतूत, म्हणजे नेमके अर्भकांच्या हंगामात चालते. पाचोळा हाताने गोळा करून डोक्यावरून वाहून नेणारी व्यक्ती गोचिडांच्या घरालाच उचलून आणत असते. सरपण, मध, तमालपत्र यांसाठी रानात जाणाऱ्यांनाही हीच जोखीम असते. ज्यांची उपजीविका जंगलावर अवलंबून आहे त्यांना ‘हंगामात जंगलात जाऊ नका’ हा सल्ला देणे सोपे आहे. पण त्या महिन्यांच्या मजुरीची भरपाई तो सल्ला करत नाही.

लागवडी व नवे वनखंड

१९८२ साली दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी राखीव जंगलाचा भाग साफ करण्यात आला. त्यानंतरच्या हंगामात त्या तालुक्यात माकडतापाची मोठी साथ आली आणि हजाराहून अधिक लोक आजारी पडले. ही घटना जंगलतोड व गोचीडजन्य रोग यांच्या संबंधाचे ठळक उदाहरण म्हणून नेहमी दिली जाते. २०१२ नंतर रोगाचा पट्टा दोन्ही दिशांना लांबला: दक्षिणेकडे बंदीपूर, निलगिरी व वायनाड, तर उत्तरेकडे गोवा व महाराष्ट्र. विषाणू नव्याने तेथे पोचला की आधीपासून असलेला उशिरा ओळखला गेला, हे प्रत्येक ठिकाणी सारखे असण्याचे कारण नाही.

बेथन पर्स व त्यांच्या भारतीय आणि ब्रिटिश सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांच्या ठिकाणांची भूरचनेशी सांगड घातली गेली. दमट सदाहरित जंगल आणि लागवडी यांची सरमिसळ जेथे आहे आणि देशी गुरांची संख्या जेथे जास्त आहे, तेथे रुग्ण आढळण्याची शक्यता अधिक दिसली; कोरड्या पानझडी जंगलाच्या भागात ती कमी होती. बोशेल यांनी पायी हिंडून मांडलेल्या तर्काला उपग्रहचित्रांच्या काळात मिळालेला हा बराचसा दुजोरा आहे.

इतर उष्ण कटिबंधीय प्रदेश

वनखंड लहान झाले की गोचीड वाढतातच, असा नियम मात्र नाही. ब्राझीलच्या अटलांटिक जंगलात लहान व ऱ्हास पावलेल्या तुकड्यांतील पक्ष्यांवर गोचिडांचे प्रमाण अधिक आढळले आहे. तेथेच नदीकाठच्या तुटक झाडीत कॅपिबारा या महाकाय कृंतकाच्या कळपांवर अँब्लिओमा स्कल्प्टम हा गोचीड प्रचंड संख्येने वाढतो व ठिपक्यांच्या घातक ज्वराचा प्रसार करतो. याउलट ज्या तुकड्यांतून मोठे सस्तन प्राणी पूर्णपणे नाहीसे होतात तेथे प्रौढ गोचिडांना यजमानच उरत नाही आणि त्या प्राण्यांवर अवलंबून असलेल्या जाती घटतात. पश्चिम घाटात नाहीशा झालेल्या सांबर-गव्यांची जागा गुरांनी घेतली, हा निर्णायक फरक आहे.

गोवा व महाराष्ट्र

गोव्यात २०१५ साली सत्तरी तालुक्यातील पाली परिसरात माकडतापाची साथ आली आणि ती मुख्यतः काजू बागायतीत काम करणाऱ्यांत दिसली. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, सीमेपलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात केर गावच्या परिसरात रोग आढळला. २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातील बांदा भागात त्याचे रुग्ण सापडले. ‘माकडताप’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत तेव्हापासून रुळला.

या भागातील वनखंड मलनाडच्या कानांहून वेगळे आहेत. येथे डोंगरउतारावरचे जंगल, देवराया, काजूची कलमे आणि अलीकडे वाढलेले रबराचे मळे एकमेकांत गुंतलेले आहेत. काजूचा हंगाम फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालतो. पिकलेली बोंडे जमिनीवर पडतात. ती वेचण्यासाठी माणसे वाकून, अनेकदा जमिनीवर बसून, पाचोळ्यात हात घालतात. बोंडांच्या वासाने माकडेही याच बागांत येतात. गोचिडाचे अर्भक, माकड आणि माणूस यांची गाठ पडण्यासाठी याहून सोयीची जागा व वेळ क्वचितच असेल.

नियंत्रणाच्या मर्यादा

पाचोळा जाळल्याने गोचीड काही काळ कमी होतात, पण त्यासोबत रोपे आणि जमिनीतील इतर जीवही मरतात व पुढच्या पावसात गुरांवरून नव्या माद्या येतातच. संपूर्ण जंगलात गोचीडनाशक फवारणे अशक्य आणि अनिष्ट आहे. म्हणून उपाय ठरावीक जागा व ठरावीक महिने धरूनच करावे लागतात. पावसाळ्यात गुरांवर गोचीडनाशकाचा उपचार केल्यास पुढच्या हिवाळ्यातील अळ्यांचे मूळच कमी होऊ शकते. जंगलात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे, हातापायांना गोचीड पळवणारे तेल लावणे आणि परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे उकळत्या पाण्यात टाकणे, या सूचना आरोग्य खाते दर हंगामात देते. मृत विषाणूपासून केलेली लस कर्नाटकात अनेक वर्षे वापरात होती. तिची परिणामकारकता अपुरी ठरल्याने अलीकडे तिचा वापर थांबवण्यात आला. रोगावर विशिष्ट औषध नाही. बाधितांपैकी सुमारे ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात, आणि उरलेल्यांनाही अशक्तपणामुळे कित्येक आठवडे कामावर जाता येत नाही. काजूच्या मजुरासाठी तो काळ म्हणजे बहुधा संपूर्ण हंगाम असतो.